जमा आणि नावे: रूथ ब्राउनचं खातं

मी आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालवली. त्यामुळे गाणं ऐकतानाही मनात कुठेतरी प्रश्न वळवळत असतो, की याचे पैसे कोणाच्या खात्यावर जमा झाले? रूथ ब्राउनचा आवाज मला आधी भेटला, तिचं खातं खूप नंतर. ते कळल्यापासून तिची जुनी गाणी मी पूर्वीसारखी निवांत ऐकू शकत नाही.

प्रकरण थोडक्यात असं. १९४९ ते १९५५ या काळात अमेरिकेतल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या लोकप्रियता यादीत रूथ ब्राउन या कृष्णवर्णीय गायिकेची गाणी मिळून १४९ आठवडे होती. पहिल्या दहांत सोळा गाणी, त्यांतली पाच थेट पहिल्या क्रमांकावर. ती ज्या अटलांटिक रेकॉर्ड्‌ससाठी गायची, त्या कंपनीला लोक ‘रूथने बांधलेलं घर’ म्हणायचे. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला बेसबॉलपटू बेब रूथमुळे हेच नाव पडलं होतं, त्यावरची ही कोटी. आणि १९८०च्या दशकात कोणीतरी अटलांटिकला जुनी वही उघडायला लावली, तेव्हा रूथच्या पानावर बाकी निघाली ती नावे. जिने घर बांधलं तीच घराची देणेकरी.

यात लबाडी किती आणि धंद्याची रीत किती, हा मला पडलेला प्रश्न. यातून सुटका कशी झाली, हे त्याहून विचार करण्यासारखं आहे, कारण ती न्यायालयात झाली नाही.

इस्पितळातली सही

रूथ ॲल्स्टन वेस्टनचा जन्म १२ जानेवारी १९२८ चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्‌समथ या बंदराच्या गावी. सात भावंडांत थोरली. वडील गोदीत मजुरी करायचे आणि रविवारी चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. ब्लूज म्हणजे सैतानाची गाणी, हे त्यांचं ठाम मत. उन्हाळ्यात ही मुलं नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या शेतावर जायची आणि कापूस वेचायची. रूथला मात्र वेड सारा वॉन, बिली हॉलिडे आणि डायना वॉशिंग्टन या जाझ-ब्लूज गायिकांचं. १९४५ मध्ये, सतराव्या वर्षी, ती जिमी ब्राउन नावाच्या ट्रम्पेट वाजवणाऱ्याबरोबर घरातून पळाली. दोघांनी लग्न केलं. पुढे कळलं की बुवांचं एक लग्न आधीच झालेलं आहे. लग्न बाद ठरलं, आडनाव तेवढं तिच्याकडे राहिलं.

लकी मिलिंडरच्या बँडमध्ये तिला जागा मिळाली आणि महिनाभरात गेलीही. वादकांना पेयं आणून दिली, एवढ्यावरून मिलिंडरने वॉशिंग्टनमध्ये तिला काढून टाकलं. हातात घरी जायचं भाडं नाही. अशा वेळी भेटली ब्लांश कॅलोवे. प्रसिद्ध बँडप्रमुख कॅब कॅलोवेची ही बहीण एकेकाळी स्वतः बँड चालवायची. तिने वॉशिंग्टनच्या क्रिस्टल कॅव्हर्न्स क्लबमध्ये रूथला गायला उभं केलं आणि पुढे तिचं व्यवस्थापनही हाती घेतलं. तिथे विलिस कोनोव्हरने तिला ऐकलं. हा रेडिओवरचा माणूस, पुढे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून जगभर जाझ पोचवणारा. त्याने अटलांटिकच्या कानावर नाव घातलं.

अटलांटिक तेव्हा जेमतेम वर्षाची होती. तुर्कस्तानच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताचा मुलगा आह्मेत एर्तेगून आणि त्याचा मित्र हर्ब अब्रामसन यांनी १९४७ मध्ये ती काढली. भांडवल म्हणून एर्तेगूनने घरच्या दंतवैद्याकडून १०,००० डॉलर उसने घेतले होते, आणि अब्रामसन स्वतः दंतवैद्यकाचा विद्यार्थी. थोडक्यात, कंपनीचा पाया दातांवर उभा होता.

ऑक्टोबर १९४८ मध्ये रूथ न्यूयॉर्कला निघाली, आणि पेनसिल्व्हानियातल्या चेस्टरजवळ गाडीला अपघात झाला. दोन्ही पाय जायबंदी. इस्पितळात महिनेच्या महिने गेले. पायांचं दुखणं पुढे जन्मभर राहिलं. १२ जानेवारी १९४९ ला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, एर्तेगून इस्पितळात आला. सोबत करार होता, आणि भेट म्हणून नोटेशन पाहून गायला शिकवणारं पुस्तक.

हा प्रसंग अटलांटिकच्या कहाण्यांत नेहमी प्रेमाने सांगितला जातो, आणि तो आहेही प्रेमळ. पाय मोडलेल्या, एकही तबकडी न निघालेल्या मुलीवर पैसे लावायला कोणी का यावं? एर्तेगून आला. पण माझ्यातला हिशेबनीस दुसरीकडे पाहतो. सही करणारी एकवीस वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. घासाघीस करायची तर तिच्या हातात काय होतं? हुकमाचे सगळे पत्ते समोरच्याकडे, आणि तरीही समोरचा उपकारकर्ता. पुढची चाळीस वर्षं या नात्यात हा घोळ राहिला. उपकार कुठे संपतो आणि देणं कुठे सुरू होतं, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

२५ मे १९४९ ला तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. कुबड्या घेऊन ती आली आणि ‘सो लाँग’ गायली. बरोबर एका महिन्याने, २५ जूनला, ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीचं ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असं केलं. हा शब्द तिथल्या जेरी वेक्सलर या बातमीदाराचा. तोच वेक्सलर १९५३ मध्ये अटलांटिकचा भागीदार झाला. म्हणजे संगीताच्या एका प्रकाराचं बारसं आणि त्यातल्या पहिल्या मोठ्या गायिकेचं पदार्पण साधारण एकाच मोसमात झालं.

मिस ऱ्हिदम

रूथला खरी आवड संथ, विरहाच्या गाण्यांची. ‘सो लाँग’ तसंच होतं आणि ते चाललंही. पण १९५० च्या शरदात कंपनीने तिला रूडी टूम्ब्सचं ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आईज’ दिलं. शब्द अश्रूंचे आणि चाल मात्र उडती, पाय थिरकवणारी. ते ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गायक फ्रँकी लेनने तिला ‘मिस ऱ्हिदम’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. १९५२ मध्ये टूम्ब्सचंच ‘फाइव्ह-टेन-फिफ्टीन अवर्स’ पहिलं आलं.

१९५३ मधलं ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’ तिला सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. डफलीच्या खुळखुळाटाने ते सुरू होतं, आणि ओळीच्या शेवटी तिचा आवाज अचानक तुटून वर उडतो, उचकी आणि किंकाळी यांच्या मधोमध कुठेतरी. गुरुजींनी कान पिळला असता असा तो स्वर आहे, पण लोकांना नेमका तोच हवा होता. नंतर आलेल्या लिटल रिचर्ड या रॉक अँड रोल गायकाच्या गाण्यातली ती प्रसिद्ध झेप ऐका, आणि मग हे गाणं लावा. मी वेगळं काही सांगायला नको.

१९५४ मध्ये चक विलिसने तिच्यासाठी लिहिलेलं ‘ओ, व्हॉट अ ड्रीम’ आणि पाठोपाठ ‘मॅम्बो बेबी’. पाच पहिले क्रमांक इथे पुरे झाले.

या यशाचा रोजचा चेहरा मात्र गाडीतला होता. दक्षिणेत रात्रीमागून रात्री कार्यक्रम, तंबाखूच्या गोदामांत, कोठारांत. सभागृहाच्या मधोमध दोरी बांधलेली असायची, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. नाहीतर एक गट खाली आणि एक वर माडीवर. गाणं तेच, टाळ्या मात्र वेगवेगळ्या. कार्यक्रम संपल्यावर त्याच गावातल्या हॉटेलात तिला खोली मिळायची नाही; मग कोणाच्या तरी घरी मुक्काम. गायकांची खरी कमाई या दौऱ्यांतूनच व्हायची. तबकडी ही जाहिरात, आणि पोट भरायचं ते बिदागीवर, अशी सगळ्यांचीच समजूत. ही समजूत पक्की असल्यामुळेच कंपनीच्या वहीत काय लिहिलं जातंय, हे कोणी फारसं विचारलं नाही. हातात रोख येत असताना कागद कोण वाचतो?

वहीत काय लिहिलं होतं

या भागात आकडे आहेत. कंटाळा करू नका, सगळी मेख इथेच आहे.

त्या काळच्या करारांत गायकाला दर तबकडीमागे किमतीचे दोन-चार टक्के, फार तर पाच टक्के मिळायचे. हे झालं जमा. दुसऱ्या बाजूला गायकाच्या खात्यावर नावे पडायचं ते स्टुडिओचं भाडं, वादकांची मजुरी, संगीत संयोजकाचे पैसे, आणि गायकाला आधी हातावर ठेवलेली उचल. हा सगळा खर्च गायकाच्या टक्क्यांतून वसूल होईपर्यंत त्याला एक छदामही मिळायचा नाही.

आता एक उदाहरण करू. आकडे माझे आहेत, फक्त रीत दाखवण्यापुरते. समजा, एका बैठकीत चार गाणी ध्वनिमुद्रित झाली, म्हणजे दोन तबकड्या. बैठकीचा खर्च १,२०० डॉलर, गायिकेला उचल ३०० डॉलर. म्हणजे नावे १,५००. पहिली तबकडी ३०,००० खपली, दुसरी पडली, ५,००० च गेली. गायिकेचा वाटा तबकडीमागे ३ सेंट. ३५,००० गुणिले ३ सेंट, म्हणजे १,०५० डॉलर जमा. बाकी ४५० डॉलर नावे. पुढच्या बैठकीला ती बसते ती हे ४५० डोक्यावर घेऊनच.

आता कंपनीची बाजू पाहा. तबकडी दाबण्याचा आणि वितरणाचा खर्च वजा जाता कंपनीला समजा दर तबकडीमागे १५ सेंट उरले. ३५,००० तबकड्यांचे झाले ५,२५० डॉलर. बैठकीचा १,२०० डॉलरचा खर्च त्यातून चार वेळा निघाला. पण वहीत तो निघालेला दिसत नाही, कारण करारानुसार तो फक्त गायिकेच्या ३ सेंटांतूनच निघायचा आहे. कंपनी कधीच नफ्यात आलेली असते आणि गायिका अजून देण्यातच. आणि या वहीत एकही आकडा खोटा नाही! मी अशा वह्या वेगळ्या धंद्यांत पाहिल्या आहेत. तपासनीस म्हणून त्यांवर सही करावी लागते आणि घरी गेल्यावर जेवण जात नाही.

हे कर्ज वसूल करायला कंपनी कोणाच्या दारात गेली नाही, हेही सांगायला हवं. फेडलंच पाहिजे असं ते कर्ज नव्हतं. पण ते फिटतही नव्हतं, आणि ते फिटत नाही तोवर पुढच्या प्रत्येक तबकडीचा, प्रत्येक पुनर्मुद्रणाचा पैसा त्याच खड्ड्यात जात होता.

अटलांटिक या धंद्यात वाईटांतली वाईट होती का? नव्हती. त्या काळातल्या कितीतरी छोट्या कंपन्या करारच करायच्या नाहीत, किंवा गाडीची किल्ली हातात देऊन हिशेब मिटला म्हणायच्या. अटलांटिककडे निदान कागद होते. एर्तेगूनला हे संगीत मनापासून कळत होतं, आणि आपण इतरांपेक्षा बरे वागतो याचा त्याला अभिमानही असे. माझ्या मते त्यामुळेच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. चोराच्या वहीत काय सापडणार? सभ्य माणसाच्या वहीत देणं कसं नाहीसं होतं, ते इथे दिसतं.

त्यात आणखी एक गळती होती. रूथचं एखादं गाणं चाललं की एखादी गोरी गायिका तेच गाणं, जवळजवळ त्याच साजात गाऊन मोठ्या बाजारात उतरवायची. ‘ओ, व्हॉट अ ड्रीम’ पॅटी पेजने गायलं, ‘मॅम्बो बेबी’ जॉर्जिया गिब्जने. गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला त्याचे पैसे मिळायचे. ज्या गायिकेने त्याला रूप दिलं तिला शून्य, कारण गाण्याच्या सादरीकरणावर मालकी नसायची. अटलांटिकचीच लव्हर्न बेकर यावर इतकी चिडली की तिने काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे कायदा बदलण्याची मागणी केली. विमानाने दौऱ्यावर जाताना तिने अपघात विमा उतरवला आणि वारस म्हणून जॉर्जिया गिब्जचं नाव लावलं, असं सांगतात. मी मेले तर तुझं पोट कसं भरणार, असा त्याचा अर्थ. रूथकडे लव्हर्नची ही तिखट जीभ होती, पण तिने ती उशिरा वापरली.

कोरडी वर्षं

१९५७ मध्ये लीबर-स्टोलर या गीतकार-संगीतकार जोडीचं ‘लकी लिप्स’ आणि पुढच्या वर्षी आणखी एक गाणं पॉपच्या यादीतही चढलं. पण आता ऐकणारे वयाने लहान होते आणि रॉक अँड रोल मागत होते. अटलांटिकचं लक्ष कोस्टर्स हा गट, बॉबी डॅरिन हा गायक यांच्याकडे वळलं होतं. कंपनीचा दुसरा मोठा आधार असलेला गायक रे चार्ल्स १९५९ मध्ये एबीसी-पॅरामाउंट या दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि जाताना नव्या करारात स्वतःच्या मूळ ध्वनिफितींची मालकी मिळवून बसला. ही गोष्ट त्या काळात अक्षरशः न ऐकलेली. एकाच घरातून निघालेल्या दोन माणसांच्या पुढच्या तीस वर्षांतला फरक या एका कलमात आहे. रे ला ते मिळालं, कारण तो भर बहरात असताना निघाला आणि दुसरी कंपनी त्याच्यासाठी आसुसली होती. १९६० च्या सुमारास रूथ अटलांटिकमधून बाहेर पडली, तेव्हा दारात कोणीच उभं नव्हतं.

मग लाँग आयलंड, पदरी दोन मुलगे, आणि मिळेल ते काम. लोकांच्या घरची धुणीभांडी, झाडलोट. शाळेच्या बसची चालक. ‘हेड स्टार्ट’ या सरकारी बालवाडी योजनेत शिक्षिकेची मदतनीस. ती गायची थांबली नाही. १९६८ मध्ये थॅड जोन्स आणि मेल लुइस यांच्या बिग बँडबरोबर तिची तबकडी निघाली आणि जाणकारांनी ती उचलून धरली. पण घर त्यावर चालत नव्हतं. याच सुमारास, १९६७ मध्ये, अटलांटिक कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्‌सला १७५ लाख डॉलरना विकली गेली. त्या किमतीत जुन्या तबकड्यांचा साठाही धरला होता, रूथची गाणीही. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ती मालमत्ता होती, आणि तिच्या स्वतःच्या खात्यात तीच गाणी खर्चाच्या बाजूला.

काळ कोणाकोणाला थांबू देतो? रूथबरोबर त्याच कंपनीत गाणारा क्लाइड मॅकफॅटर १९७२ मध्ये दारूने पोखरून वयाच्या ३९ व्या वर्षी गेला. लव्हर्न बेकर फिलिपिन्समधल्या अमेरिकी नौदल तळावरच्या क्लबात जाऊन राहिली आणि इकडे लोक तिला विसरले.

रूथला परत आणलं ते विनोदी नट रेड फॉक्सने. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्याने तिला कामं मिळवून दिली. लॉस एंजेलिसमध्ये नागरी हक्क चळवळीवरच्या ‘सेल्मा’ या संगीतिकेत ती महालिया जॅक्सन या चर्चची भक्तिगीतं गाणाऱ्या गायिकेच्या भूमिकेत उभी राहिली. वडिलांच्या चर्चचं संगीत असं वळसा घालून तिच्याकडे आलं. मग दूरचित्रवाणीवर छोट्या भूमिका. वय पन्नाशीला आलेलं.

वकील आणि वाढदिवस

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉवेल बेगल नावाचा वॉशिंग्टनचा वकील तिला भेटला. लहानपणापासूनचा चाहता, हातात तिच्या जुन्या तबकड्या, सही घ्यायला आणलेल्या. बोलता बोलता त्याला कळलं की या गाण्यांचे पैसे बाईंना वीसेक वर्षांत मिळालेलेच नाहीत, तबकड्या विकल्या जात असूनही. तो चाहता होता तसा कागद वाचणारा वकीलही होता. त्याने फी न घेता काम हातात घेतलं आणि अटलांटिककडे हिशेब मागितला.

हिशेब आला तो वर सांगितल्याप्रमाणे. बाकी नावे.

आता काय करायचं? सरळ दावा ठोकावा, तर मुदतीचा कायदा आडवा. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारांवर न्यायालय किती मागे जाणार? करारावर सही आहे, अटी त्या काळच्या रीतीप्रमाणे आहेत, आणि समोर वॉर्नरसारख्या बलाढ्य कंपनीचे वकील. दावा वर्षानुवर्षं चालला असता, आणि वादी साठीकडे झुकलेली. बिग जो टर्नरसारखा अटलांटिकचा जुना खंदा गायक १९८५ मध्ये गेलाच. या प्रकरणात वेळ नेहमी कंपनीच्या बाजूने होती.

बेगलने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही मला शहाणपणाच्या वाटतात. पहिली, त्याने रूथचं एकटीचं प्रकरण राहू दिलं नाही. त्याच काळातल्या इतर गायकांना, गटांना गोळा केलं. एकट्या माणसाच्या हिशेबात चूक असू शकते; तीसेक लोकांच्या खात्यांवर तीच नावे बाकी निघाली, की ती चूक राहत नाही, पद्धत होते. दुसरी, त्याने न्यायालयाबाहेरचा दरवाजा धरला. वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, नागरी हक्क चळवळीतले रेव्हरंड जेसी जॅक्सन, काँग्रेस सदस्य. रूथने संसदीय समितीपुढे आपली कैफियत मांडली. मंचावर उभं राहून समोरच्याला जागच्या जागी खिळवायचं काम ती तीस वर्षं करत आली होती. समितीचे सदस्य म्हणजे तिच्या लेखी आणखी एक प्रेक्षागृह, आणि यावेळी मधे दोरी नव्हती.

मग १९८८ उजाडलं. फेब्रुवारीत जॉन वॉटर्सचा ‘हेअरस्प्रे’ हा चित्रपट आला. १९६२ चं बाल्टिमोर, गोऱ्या मुलांचा नाचाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम, त्यात काळ्या मुलांना घ्या म्हणून झगडा. रूथ त्यात मोटरमाउथ मेबेल झाली, तबकड्यांचं दुकान चालवणारी, डोक्यावर सोनेरी केसांचा भलामोठा टोप. तो टोप तिला मुळीच पसंत नव्हता. पण तिला कधीही न ऐकलेली पिढी आता तिला चेहऱ्याने ओळखू लागली.

आणि १४ मे १९८८ ला अटलांटिकच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा सोहळा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिवसभर चालणारा जलसा, दूरचित्रवाणीवर दाखवला जाणारा. लेड झेपेलिन हा फुटलेला रॉक बँड पुन्हा एकत्र वाजवणार. मंचावर अर्थातच जुन्या काळचे आधारस्तंभ हवेत, आणि त्यांत ‘घर बांधणारी’ रूथ नसेल तर कसं चालेल? पण आतिथ्य करायचं आणि त्याच पाहुणीच्या खात्यावर उधारी दाखवायची, हे कॅमेऱ्यासमोर शोभलं नसतं. जलशाच्या तोंडावर अटलांटिकने तडजोड जाहीर केली. रूथ आणि तिच्या काळातले सुमारे ३५ कलावंत यांच्या खात्यांवरची नावे बाकी माफ, आणि मागच्या वीसेक वर्षांच्या विक्रीचे पैसे द्यायचे. शिवाय ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन या नव्या संस्थेला १५ लाख डॉलर. रूथ जलशात गायली. फिलिपिन्सहून आलेली लव्हर्न बेकरही गायली.

मी या तडजोडीकडे दोन मनांनी पाहतो. एकीकडे, जे कायद्याने मिळालं नसतं ते मिळालं, आणि लवकरच एमसीएसारख्या मोठ्या कंपनीनेही जुन्या कलावंतांच्या बाक्या पुसून टक्का वाढवला. दुसरीकडे, मागची वीस वर्षं म्हणजे १९७० च्या आसपासपासून. त्या वर्षांत विकली गेली ती पुनर्मुद्रणं, संग्रह, परदेशी आवृत्त्या. ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर असलेलं गाणं १९५० मध्ये जेव्हा हातोहात खपत होतं, त्या तबकड्यांचा हिशेब या तडजोडीने उघडलाच नाही. तो बंद तो बंदच राहिला. आणि पैशाचा मोठा भाग आला तो फाउंडेशनच्या वाटेने. फाउंडेशनने आजारी, कर्जबाजारी गायकांना खरोखर मदत केली, १९८९ पासून पुरस्कार सुरू केले, हे मोलाचं आहे. पण पुरस्कार आणि औषधाचा खर्च ही मदत झाली. मदत मागावी लागते, देणं मागावं लागू नये. जमाखर्चात या दोन गोष्टी वेगळ्या पानांवर लिहितात.

जिंकली मात्र ती मोसम पाहून, यात शंका नाही. हाच अर्ज १९७८ मध्ये गेला असता तर उत्तरादाखल एक औपचारिक पत्र आलं असतं. १९८८ मध्ये तिच्याकडे चित्रपट होता, बरोबर माणसं होती, आणि समोरच्याकडे वाढदिवस होता. इस्पितळातल्या खाटेवर एकही पत्ता हातात नव्हता. चाळीस वर्षांनी दोन-तीन आले, आणि तिने व बेगलने ते एकाच हातात खेळले.

पुढचं भराभर झालं. जानेवारी १९८९ मध्ये ब्रॉडवेवर ‘ब्लॅक अँड ब्लू’ सुरू झालं आणि त्याच वर्षी संगीतिकेतली सर्वोत्तम अभिनेत्री म्हणून तिला टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये ग्रॅमी, १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, १९९६ मध्ये आत्मचरित्र. सार्वजनिक रेडिओवर ती ब्लूजचा कार्यक्रम सादर करायची. ज्यांची गाणी लावायची त्यांच्यातले कितीतरी जण तिच्याबरोबर गाडीतून तंबाखूच्या गोदामांपर्यंत गेलेले. एर्तेगूनशी तिने वैर धरलं नाही. वहीशी भांडली, माणसाशी बोलत राहिली. हे मला जमलं नसतं.

२००६ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम होता. मंचामागे ८३ वर्षांचा आह्मेत एर्तेगून पडला, डोक्याला मार लागला, आणि पुढे शुद्धीवर आला नाही. तिकडे नेव्हाडात रूथ एका शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात होती. १७ नोव्हेंबरला ती गेली, वयाच्या ७८ व्या वर्षी. एर्तेगून तेव्हा बेशुद्धच होता. १४ डिसेंबरला तोही गेला.